बाबा घरी नाहीत

मंगळवार, सकाळ

ताई,

पाकिटावर शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांचं नाव बघून दचकू नकोस. दुकानाच्या पत्त्यावर टाकलं असतं तर बाबांनीच फोडलं असतं, आणि हे पत्र बाबांच्या हातात पडू नये म्हणून तर सगळी खटपट. फोन करावा तर दुकानातला फोन तेच उचलतात. तुझ्या फोनवर मला दार बंद होऊन पाच महिने झाले. बरोबरच केलंस. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे थोडी, पण ती आता नको.

आधी कामाचं. या चार दिवसांत दुकानावर एक निळं पाकीट येईल. अक्षर मोठं, गोल, जत्रेतल्या फुग्यांसारखं. वर 'कुटुंबीयांस' असं लिहिलेलं असेल. ते बाबांच्या हाती लागायच्या आत उचल. वाचू नकोस म्हणणार होते, पण तू वाचशीलच. वाच, आणि मग चिंध्यांच्या पोत्यात तळाशी घाल.

त्यात बाबा गेल्याबद्दल दुखवटा आहे.

हे वाक्य लिहून मी खाली जाऊन तोंड धुऊन आले. आता पुढचं लिहिते.

मी इथं शुक्रवारी पोचले. सहा खाटांचं लॉज आहे, खाली मालकीणबाई राहतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. माझा हा शेवटचा मुक्काम. या शनिवारी सकाळी बस, मग एक गाडी बदलायची, आणि सोमवारी मी घरी. चौदा महिने झाले. तुला वाटलं असेल मी मोजत नाही. मीही मोजत नव्हते, पण परतीचं तिकीट हातात आलं की आकडा आपोआप दिसतो.

तर शुक्रवारी बसमधून उतरताना सॅकची बाजूची शिवण टरकली. आतले कपडे लॉजच्या दारात, माझी एक चड्डी तर थेट मावशींच्या मांजरीवर. मावशी म्हणाल्या, "आण इकडे ते, मशीन आहे माझ्याकडे." सॅक उलटी केली आणि आतून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे कुणी शिवलंय? आत दोन बोटं माया ठेवलीय!"

आठवतं का तुला, तू तेव्हा किती हसली होतीस? झग्याला शिवणीच्या आत जास्तीचं कापड, माया ठेवतात, पोर वाढतं म्हणून. सॅकला कशाला माया? सॅक काय वाढतं लेकरू आहे? बाबा तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले होते, "वाढत नसेल. उसवतं तर ना?"

मी मावशींना म्हटलं, "बाबांनी शिवलीय." त्यांनी विचारलं, "काय करतात बाबा?" आणि मी म्हटलं, "बाबा नाहीत."

त्यांचा हात मशीनच्या चाकावरच थांबला.

त्या मायेच्या आत बाबांनी दुकानाचं लेबल शिवलं होतं. पत्त्यासकट. मला चौदा महिने माहीत नव्हतं. मावशींनी तिथून पत्ता उतरवून घेतला, आणि शनिवारी, मला न सांगता, तुम्हां सगळ्यांना पत्र टाकलं. काल जेवताना सहज म्हणाल्या, "घरच्यांना चार शब्द लिहिलेत गं मी. बरं वाटतं अशा वेळी." साध्या टपालानं टाकलंय, पाच-सहा दिवस धर. हे मी आज जलद टपालानं टाकते. दोन दिवसांत तुझ्या हातात.

तू म्हणशील, 'नाहीत' असं का म्हणालीस. सांगते, पण मध्येच थांबवू नकोस.

निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका बसमध्ये एक बाई शेजारी बसल्या. मांडीवर टोपली, टोपलीत बदक. बदक फार शांत होतं, सगळा रस्ता माझ्याकडे बघत होतं. असो. बाई म्हणाल्या, "एकटीच फिरतेस? वडील कसे सोडतात गं?" मी म्हणणार होते, "बाबा नाहीत तसे." म्हणजे अडवणारे नाहीत. मी म्हटलं, "बाबा नाहीत..." आणि ड्रायव्हरनं असा हॉर्न मारला की 'तसे' त्यात वाहून गेलं. शप्पथ. बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं माझे बाई," म्हणाल्या, आणि उठून मला खिडकीची जागा दिली.

एक शब्द बोलायचा राहिला होता. हॉर्न संपल्यावर बोलता आला असता. पण खिडकी मिळाली होती, ताई, आणि बाहेर नदी दिसत होती.

तेवढंच. ते पाकीट तेवढं उचल.

भिंगरी

ता. क. बाबा बरे आहेत ना?

---

बुधवार, दुपार

ताई,

कालचं पत्र मी टाकलं नाही.

निघाले होते पोस्टातच. वाटेत धक्क्यावर एक होडी उलटी टांगलेली, आणि दोन माणसं तिच्या पोटाला रंग देत होती. एक म्हणायचा, "तू जिथं सोडलंस तिथं मी धरतो," आणि दुसरा म्हणायचा, "तू धरतोस कधी? तू फक्त पुसतोस." मी म्हटलं पाच मिनिटं बघू. त्यांनी मला एक ब्रश दिला. पोस्टाची खिडकी साडेचारला बंद होते. मी पावणेपाचला पोचले, कोपरापर्यंत तांबडी.

बाबांची बातमी बाबांच्या हातात पडणार, हे माहीत असताना मी होडी रंगवत होते. मी कशी आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

आज सकाळी पुन्हा गेले. या वेळी होडीकडे बघितलंसुद्धा नाही. पाकीट खिडकीत अर्धं सरकवलं, आणि परत ओढून काढलं. कारण काल रात्री अंथरुणात आठवलं की त्यात मी तुला अर्धंच सांगितलंय, आणि जे सांगितलंय तेही जरा गोड करून. अर्धं खोटं पाठवून तुझ्याकडून पूर्ण मदत मागायची, हे मलाही जमेना.

तर उरलेलं.

हॉर्न फक्त पहिल्यांदा होता. दुसऱ्यांदा हॉर्न नव्हता. दुसऱ्यांदा एक ट्रकवाला होता, मला घाटापर्यंत सोडणार होता आणि सारखे प्रश्न विचारत होता. मी म्हटलं, "बाबा नाहीत," तो गप्प झाला, आणि घाट संपल्यावरही वाकडी वाट करून त्यानं थेट गावात सोडलं. तिसऱ्यांदा एक निवृत्त मास्तर. त्यांनी मला त्यांच्या वडिलांचा रेनकोट दिला, "बाप गेलेल्यानं बाप गेलेल्याला द्यावं" म्हणून. तो रेनकोट माझ्याकडे आहे. फार चांगला आहे. पावसात घालताना दर वेळी मान आत घ्यावीशी वाटते.

मग मी सवयीनंच सांगत गेले. लोक विचारतात ना, कसे गेले? आधी मी ताप म्हणायचे. तापावर लोक फार विचारतात, कोणता, किती दिवस, औषध काय दिलं. मग 'झोपेतच गेले' म्हणायला लागले. त्यावर कुणी काही विचारत नाही. फक्त "भाग्यवान" म्हणतात. बाबांना मी किती वेळा झोपेत मारलं, तो आकडा मी खरंच मोजला नाही.

मावशींना मी हेच सांगितलं. त्यांनी मला खिडकीची खोली दिली. इथं नियम आहे: जाताना प्रत्येकानं आपली चादर काढून टोपलीत टाकायची. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मला म्हणाल्या, "तू नको काढूस गं, मी काढीन. तू दुःखातली."

आणि आज दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. त्या अकरा वर्षांच्या होत्या. वडील बोटीवर कामाला होते. मावशी शाळेतून आल्या की विचारायच्या, "बाबा आले?" आणि आई म्हणायची, "बाबा घरी नाहीत." आत्याही तेच म्हणायची, शेजारीही. "महिनाभर गं," मावशी म्हणाल्या, "महिनाभर सगळे मला 'घरी नाहीत, घरी नाहीत' सांगत होते. मी रोज त्यांचं ताट मांडायची. मग एक दिवस आत्याच्या तोंडून चुकून 'घरी' गळलं."

त्यांनी शेंगांच्या शिरा ओढत ओढतच हे सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हणून मी तुझ्या घरी लगेच लिहिलं. दुःख लपवायचं नसतं. तू किती सरळ सांगितलंस मला. मला तेच आवडलं तुझं."

ताई, माझ्या हातातली शेंग मी शिरेसकट पातेल्यात टाकली.

आता तुझ्या-माझ्यातलं. तू मला फोनवर बंद केलंस त्या दिवशीचं. तू तीनदा फोन केलास, मी उचलला नाही. संध्याकाळी मी तुला धबधब्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'बघ, किती पाणी!' तू लिहिलंस, 'बाबांना डॉक्टरांकडे नेलं होतं.' मी लिहिलं, 'अगं हो का, काय म्हणाले?' आणि मग दोन दिवस मी नाहीच. नंतर मी घड्याळवाल्या आजोबांकडून तुला निरोप पाठवला की रेंज नव्हती.

रेंज होती. पूर्ण होती. मीच फोन बंद करून सॅकच्या तळाशी घातला. डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकायचं नव्हतं, कारण मला ते आधीच माहीत होतं. निघायच्या आधीपासून.

सॅकचा डावा पट्टा आठव. तो वाकडा शिवलाय. जिथं चौकोन हवा तिथं शिवण चालत चालत भलतीकडेच गेलीय. बाबांच्या हातची वाकडी शिवण तू कधी बघितलीस? लोक लग्नाच्या कोटाचं कापड आणून द्यायचे, अंगाला हात न लावता माप घ्यायचे ते, नुसतं बघून. मी तो पट्टा बघितला आणि हसले. "बाबा, पट्टा वाकडा झाला," म्हटलं. ते म्हणाले, "रस्ता तरी कुठं सरळ असतो?" आणि पेला उचलला, तर पाणी पेल्यात हलत होतं. हात टेबलावर टेकवला तेव्हा थांबलं.

मी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जायचं चार दिवसांनी होतं. तुला सांगितलं, गाडी लवकरची मिळाली.

म्हणजे तुला तिथं एकटीला कात्री देऊन मी पळाले. तुला शिवणकाम आवडत नाही हे घरात फक्त मला माहीत आहे.

आता हे पत्र तर मला मुळीच टाकवणार नाही. पण निळं पाकीट चाललंच आहे ना तुमच्याकडे. ते काही होड्या बघत थांबणार नाही.

---

शुक्रवार, संध्याकाळ

ताई,

निळं पाकीट पोचलं. मला आधी वाटलं तुझ्या हाती पडलं असेल. तसं नाही झालं.

दुपारी मी बाजारातून आले तर मावशी दारातच उभ्या, हाताला साबण, चेहरा फुललेला. "अगं, तुझ्या चुलत्यांचा फोन होता! पत्रात मी इथला नंबर दिला होता ना. दहा मिनिटं बोलले. किती सभ्य माणूस!"

मी म्हटलं, "कोण चुलते?"

"तुझ्या वडिलांचे भाऊ. तेच बोलले ना, मी तिचा चुलता. किती गं हळू आवाज. मला म्हणाले, 'बाई, तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे टपाल मीच फोडतो. फार चांगलं लिहिलंत. कुणी आपल्या माणसाबद्दल इतकं बरं लिहिलेलं वाचायला मिळत नाही सहसा.'"

ताई, मी पायरीवर बसले. मावशींना वाटलं मला भरून आलं. त्याही शेजारी बसल्या आणि फोन जसाच्या तसा सांगू लागल्या. मी तुला जसाच्या तसा लिहिते. एक शब्द माझा नाही.

मावशींनी विचारलं, "भाऊ कसे होते हो तुमचे?"

ते म्हणाले, "शिवायचा बरा. बोलायला कंजूष. धाकटीनं सॅक शिवून मागितली तेव्हा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी शिवायला बसला. कॅनव्हास जाड, तीन सुया मोडल्या. तिला वाटलं रागानं मोडतोय."

मावशी म्हणाल्या, "शिवण छान आहे. एक पट्टा तेवढा..."

"तो वाकडा आहे," ते म्हणाले. "माहीत आहे. शेवटी शेवटी हात कापायचा त्याचा. कुणाला दिसू नये म्हणून दुपारी शटर अर्धं ओढून बसायचा. थोरलीनं ओळखलं होतं, पण ती दाखवायची नाही. धाकटी बघून हसली आणि एकदम गप्प झाली. तेव्हा त्याला कळलं, हिला दिसलं."

मावशींचं तोंड तुला माहीत नाही. त्या विचारायचं सोडत नाहीत. म्हणाल्या, "म्हणून पोर घरातून पळाली की काय?"

"पळाली नाही हो," ते म्हणाले. "ती चार दिवस आधी निघाली, तर त्याला बरंच वाटलं. कुणी बघत बसलं की हात जास्त कापतो."

मग म्हणाले, "शिवण उसवली असेल तर ठिगळ लावू नका. आत माया आहे, ती धरून शिवा." मावशींनी सांगितलं, तसंच शिवलंय. "मग झालं," म्हणाले. आणि शेवटी, "मी फोन केल्याचं तिला सांगू नका. उगाच रडेल." मावशी मला म्हणाल्या, "पण मला बाई काही लपवता येत नाही."

आपल्या बाबांना भाऊ आहे का, ताई? सख्खा, चुलत, मानलेला? तू आणि मी लहानपणी कुरकुर करायचो, आपल्याला एक काका नाही, खाऊ कोण आणणार म्हणून.

ते फोनवर एवढंच म्हणू शकले असते, 'बाई, मी जिवंत आहे.' मग मावशींनी मला तिथंच दाराबाहेर काढलं असतं. माझं नाक कापलं जाऊ नये म्हणून ते दहा मिनिटं मेले. स्वतःबद्दल 'होता, होता' करत राहिले. जन्मभर जे कुणाला सांगितलं नाही ते एका परक्या बाईला सांगितलं, कारण सांगणारा चुलता होता.

मावशी म्हणाल्या, "रड गं, रड."

मी म्हटलं, "मावशी, बाबांना भाऊ नाही."

"म्हणजे?"

"ते एकुलते एक आहेत."

"होते," मावशी म्हणाल्या. किती मायेनं सुधारलं त्यांनी मला.

"आहेत," मी म्हटलं.

आधी त्या हसल्याच. त्यांना वाटलं मी दुःखानं काहीतरी बरळतेय. मग मी सगळं सांगितलं. बदक, हॉर्न, खिडकी, ट्रकवाला, रेनकोट. त्या ऐकत होत्या आणि हातावरचा साबण वाळत होता. पांढरा होऊन भेगाळला. मग म्हणाल्या, "ज्याच्याशी मी बोलले..."

"तेच."

"म्हणजे मी त्यांनाच त्यांचा दुखवटा सांगितला?"

"हो."

"आणि ते माझे आभार मानत होते?"

"हो," मी पायरीकडे बघत म्हटलं.

त्या उठल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्या बापाला 'नाहीत' म्हणायला मला महिना लागला, पोरी. तुला एक हॉर्न पुरला."

दारातून आत जाताना वळून एवढंच म्हणाल्या, "उद्या निघताना चादर काढून टोपलीत टाक. नियम सगळ्यांना सारखा."

---

रविवार, दुपार

ताई,

हे बसस्थानकाच्या बाकावर लिहितेय. दुसरी गाडी चारला. आता यातलं एकही पत्र टपालात टाकणार नाही, चारही हातात घेऊन येतेय. तू माझ्यासमोर वाच किंवा वाचू नकोस. पण फाडायचं असेल तर पहिलं फाड. ते सगळ्यात खोटं आहे.

काल सकाळी चादर काढली, घडी घातली, उशीची खोळसुद्धा काढली, ती नियमात नाही. मावशी चुलीपाशी होत्या, वळल्या नाहीत. मी म्हटलं, "मावशी, निघते." त्या म्हणाल्या, "सॅक बघून घे." बघितली, तर फाटलेली बाजू पुन्हा एकदा आतून घट्ट शिवलेली, दुहेरी टाका. कधी शिवली देव जाणे, रागावल्यानंतरच असणार. डावा पट्टा तसाच होता. मी बोट ठेवून विचारलं, "हा?" म्हणाल्या, "तो मी नाही उसवणार. बापाच्या हातचा आहे. बाप आहे अजून, त्यालाच विचार." आणि पुन्हा चुलीकडे तोंड. माफ केलं असं नाही म्हणाल्या. मीही विचारलं नाही. रेनकोट त्यांच्याकडे ठेवून आले, मास्तरांचं गाव तिथून दुसऱ्या वाटेवर आहे, कुणी गेलं तर पोचवतील. सोबत चिठ्ठी लिहिली मास्तरांना. दोन ओळींची चिठ्ठी, चार वेळा फाडली. ट्रकवाल्याला मी काय लिहू? त्याचं नाव मला ठाऊक नाही. बदकवाल्या बाईंचंही नाही. त्या सगळ्यांच्या मनात बाबा आता कायमचे गेलेले राहणार. ते मला परत आणता येणार नाही.

इथं उतरल्यावर तास दीड तास मी नुसती फोनकडे बघत बसले. रविवारी दुकान बंद, पण रविवारी दुपारी बाबा मशीनला तेल घालायला येतात, हे चौदा महिन्यांत बदललं नसणार. काय बोलायचं ते पाठ केलं. 'बाबा, मी चुकले' इथून सुरुवात, मग हॉर्नचं, मग पट्ट्याचं, मग तुझं. अगदी ओळीनं.

पाच वेळा वाजल्यावर फोन उचलला.

"हॅलो," म्हणाले.

आणि माझं पाठांतर कुठल्या कुठं. लहानपणी दुकानात फोन आला की समोरून पहिलं जे ऐकू यायचं, तेच माझ्या तोंडून आलं.

"बाबा आहेत का?"

पलीकडे तेलाची बुदली खाली ठेवल्याचा आवाज आला. दोनदा आला, पत्र्यावर टकटक, जसा हात कापला की येईल तसा. मी कान काढला नाही.

"आहेत," ते म्हणाले.

कोण बोलतंय ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "चुलत्याला काही निरोप?"

मी म्हटलं, "मला चुलता नाही."

"बरं आहे," ते म्हणाले. "फार बोलतो तो."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी ते दुसरंही आलं, आणि मी बसस्थानकात भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्यांनी वाट बघितली. मग म्हणाले, "थोरली बाहेर गेलीय. आली की सांगतो. सावकाश ये." आणि फोन ठेवला. ठेवतानाही दोनदा आवाज आला.

ताई, त्यांनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. तू निळं पाकीट वाचलंस का तेही मला माहीत नाही. उद्या दुपारी मी पोचते. शटर अर्धं असेल तर वाकून येईन. त्यांच्या हाताकडे बघत बसणार नाही, एवढं मी शिकलेय, आणि तेही त्यांनीच दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं म्हणून. तू मला काय काम द्यायचं ते दे. बटणं लावीन, काजं करीन, सुईत दोरा ओवून रांगेनं टोचून ठेवीन. मला एका जागी बसवत नाही, हे तू म्हणशील. खरं आहे. मध्येच उठले तर ओरड. फक्त फोनवरचं दार उघड एवढं. नाही उघडलंस तरी मी आता समोरच असेन, तोंडावर बोलता येईल.

आणि अंथरूण घालून ठेवू नकोस. माझं मी घालीन, सकाळी चादर मीच काढीन.

भिंगरी